त्यांचा बी फ्लॅट, आपली काळी पाच

गेल्या महिन्यात एका भगिनीचं पत्र आलं. मुलीच्या बाळंतपणासाठी त्या पहिल्यांदाच परदेशी निघाल्या आहेत. डिंकाचे लाडू किती दिवस टिकतील, लोणच्याची बरणी कशी बांधावी, गरम कपडे इथूनच न्यावेत की तिथे घ्यावेत, असे सगळे रीतसर प्रश्न विचारून झाले होते. आणि मग सहीच्या खाली, जागा उरली म्हणून लिहावी तशी एक ओळ होती : 'मी आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवते. तिकडे नेली तर लोक हसतील का?'

लाडवांचं आणि लोणच्याचं उत्तर मी त्यांना वेगळं पाठवलं आहे. ही शेवटची ओळ मात्र इथे घेते, कारण हाच प्रश्न मनात धरून मीही २०२३ च्या एप्रिलमध्ये कामठ्याहून निघाले होते.

कामठा म्हणजे कामठी नव्हे हो! हा खुलासा आम्हाला जन्मभर करावा लागतो. कामठी नागपूरजवळची, इंग्रजांच्या छावणीची. आमचं कामठा गोंदियाजवळचं, धानाच्या बांध्यांमधलं. पूर्वी जमीनदारीचं गाव, आता लहरीबाबांच्या आश्रमामुळे लोकांना ठाऊक आहे. गोंदिया जिल्हा १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झाला. तोवर आमच्या पत्त्यावर 'जि. भंडारा' असायचं आणि तरीही आमची किती तरी पत्रं कामठी पाहून मग आमच्याकडे यायची. त्या कामठीचा पुढे या हकिकतीत संबंध यायचा आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

मी इथल्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. शाळेत प्रार्थनेसाठी एक पेटी होती, पण वाजवणारं कुणी नव्हतं. हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मला नाही म्हणता आलं नाही. एवढंच माझं संगीतशिक्षण. गांधर्व महाविद्यालयाची एकही परीक्षा मी दिलेली नाही. भूप आणि दुर्गा ओळखू येतात, पुढे सगळा अंदाज! पण तीस वर्षांहून जास्त काळ दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या बायकांच्या भजनी मंडळात पेटीवर मीच बसते. आमचा सा काळी चारचा. त्याहून वर गेलं की मोठ्या काकूंचा आवाज बसतो, त्याहून खाली आलं की सुनांचा.

मुलगी फोनवर म्हणाली, "आई, पेटी कशाला? मोबाइलमध्ये सगळं असतं." हे म्हणाले, "पेटीच्या वजनाचे तांदूळ ने, जावई खूश होतील." आता पेटीचं म्हणाल तर ती मुळात परदेशीच बाई! पॅरिसच्या दबेन नावाच्या गृहस्थाने १८४२ साली तिचं पेटंट घेतलं. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी ती मांडी घालून हाताने भाता मारत वाजवता येईल अशी केली. आकाशवाणीने तर १९४० पासून तीस-एक वर्षं तिला दारात उभं केलं नव्हतं, ती परक्याची म्हणून आणि तिच्यातून मींड निघत नाही म्हणून. तेव्हा मी तिला परदेशी नाही, माहेरी घेऊन निघाले होते असंच म्हणा ना.

नेण्याबद्दल दोन शब्द सांगते, पत्र लिहिणाऱ्या भगिनींना उपयोगी पडतील. भात्याचे खटके नीट लावून घ्या. पट्ट्यांवर जुन्या सुती लुगड्याची घडी ठेवून मग झाकण बंद करा, म्हणजे प्रवासात पट्ट्या खडखडत नाहीत. पेटी वजनदार असते, म्हणून तिकिटावर किती सामान चालतं ते आधी विचारा आणि तांदळाचा मोह सोडा. तिथे पोचल्यावर ती भिंतीला लावलेल्या गरम पाण्याच्या हीटरजवळ अजिबात ठेवू नका. त्या कोरड्या उष्णतेने लाकूड आक्रसतं, फटीतून हवा सुटते आणि सूर सी-सी करायला लागतात. माझ्या पेटीचं पहिल्या पंधरा दिवसांत तेच झालं.

आणि खंजिरी नेणार असाल तर तिचं कातडं कशाचं आहे ते पाहा. जुन्या खंजिऱ्यांना घोरपडीचं असतं. घोरपड मारणं, तिचं कातडं बाळगणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. बकरीच्या कातड्याची किंवा प्लॅस्टिकच्या पानाची घ्या. आपल्या विदर्भाला खंजिरी परदेशी नेण्याचं अप्रूप नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९५५ साली जपानला विश्वधर्म परिषदेला गेले होते, तेव्हा त्यांची खंजिरी तिथे वाजली होती. आमच्याकडे गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनांत ती अजून वाजते.

तर मी पोचले ओल्डहॅमला. मँचेस्टरजवळचं हे गिरण्यांचं जुनं शहर. मुलगी तिथल्या इस्पितळात नोकरी करते. आता बहुतेक गिरण्या बंद आहेत, पण एके काळी आपल्या वऱ्हाडचा कापूस याच मुलखात यायचा. नागपुरात एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली, तेव्हा तिच्या भोंग्यावर जशी वस्ती उठायची तशीच ही इथली वस्ती. लाल विटांच्या घरांची एकमेकींना चिकटलेली रांग, दोन घरांत एकच भिंत.

ती एकच भिंत माझ्या ध्यानात आली नाही. मला पहाटे पाचला जाग येते. बाळ उठलेलं असायचं, मुलगी रात्रभर जागून नुकती झोपलेली. मी बाळाला मांडीवर घ्यायची, एका हाताने भाता, एका हाताने सूर, आणि हळू आवाजात भूपातलं भजन. बाळ गप्प व्हायचं. आठवडाभर असं चाललं. एका सकाळी दारातून चिठ्ठी पडली. शेजारच्या घराने फार सभ्य शब्दांत लिहिलं होतं की, सकाळी आठच्या आत वाद्य वाजवू नये अशी विनंती आहे.

मुलीचा चेहरा पडला. ती मला काही बोलली नाही, पण जावयांना आतल्या खोलीत म्हणाली, "मी आधीच सांगत होते." ते मला ऐकू आलं. भिंती पातळ होत्याच!

मी पेटी पलंगाखाली सारली. दोन आठवडे काढली नाही. मैत्रिणींनो, परदेशातलं एकटेपण म्हणजे काय ते मला त्या दोन आठवड्यांत कळलं. तसं काम भरपूर होतं, बाळाचं होतं, स्वयंपाकाचं होतं. पण गुरुवार आला की संध्याकाळी सहाला हात रिकामे वाटायचे. कामठ्यात त्या वेळी रात्रीचे साडेदहा झालेले असायचे, भजन आटोपून सगळ्या झोपलेल्या असायच्या, आणि माझा गुरुवार इकडे नुसताच उभा.

शेवटी एका रविवारी मी पोह्यांचं ताट घेऊन शेजारी गेले. माफी मागायची होती. दार उघडलं ते माझ्याच वयाच्या बाईंनी. त्याही नातवाला सांभाळायला येऊन-जाऊन असायच्या. माझ्या इंग्रजीचा त्यांना आणि त्यांच्या त्या भागातल्या बोलीचा मला पत्ता लागेना. पण मी हाताने भाता मारून दाखवला तेव्हा त्या हसल्या आणि आत जाऊन एक पितळी वाद्य घेऊन आल्या. आपल्या लग्नाच्या बँडमध्ये मोठा कर्णा असतो ना, त्याची धाकटी बहीण म्हणा. त्याला त्या टेनर हॉर्न म्हणत. "मी मंगळवारी आणि गुरुवारी वाजवते," त्या म्हणाल्या, "पण आठनंतर!"

संध्याकाळच्या आठनंतर, असं त्यांना म्हणायचं होतं. गुरुवार ऐकून मात्र मी तिथेच थांबले.

त्या गुरुवारी त्या मला त्यांच्या बँडच्या खोलीत घेऊन गेल्या. मला वाटलं होतं गणवेशातले पुरुष असतील. तिथे पाहते तर टपाल वाटणारा एक जण, एक परिचारिका, बसची नोकरी करून निवृत्त झालेले आजोबा, बारा-तेरा वर्षांची एक मुलगी, पाठीवर दप्तर तसंच. पंचवीस-एक माणसं अर्धवर्तुळात बसलेली. यांतल्या कुणालाही पैसे मिळत नाहीत. उलट प्रत्येक जण वर्गणी देतो. वाद्यं बँडच्या मालकीची, शिकणाऱ्याला घरी न्यायला मिळतात. कॉर्नेट, टेनर हॉर्न, युफोनियम, ट्रॉम्बोन आणि मोठाले बास. बोटांची ठेवण बहुतेकांची सारखीच, त्यामुळे उद्या युफोनियमवाले आजोबा आजारी पडले तर हॉर्नवाली बाई ते उचलून वाजवू शकते.

इंग्लंडच्या उत्तरेकडे असे बँड गावोगाव आहेत. एकोणिसाव्या शतकात गिरण्यांतल्या आणि कोळशाच्या खाणींतल्या कामगारांनी ते उभे केले. यॉर्कशरमधला ब्लॅक डाइक बँड १८५५ पासूनचा, गिरणीचाच. ग्राइमथॉर्प खाणीचा बँड १९१७ चा. ती खाण १९९३ साली बंद झाली, गावातल्या घराघरांतलं काम गेलं, बँड मात्र बंद झाला नाही. त्यावर १९९६ साली सिनेमाही निघाला होता. खाण गेल्यावर बँड कशाला, असं म्हणणारेही त्या काळी कमी नसतील. पण माणसांना काही तरी धरून बसायला हवं असतं, नाही का?

तालीम सुरू होण्याआधी सगळ्यांनी मिळून एक स्वर धरला. मी दचकलेच. तो स्वर माझ्या बोटांच्या ओळखीचा होता. त्यांचा 'बी फ्लॅट' म्हणजे आपली काळी पाच! आमच्या मंडळाच्या सा पासून दोनच पट्ट्या वर.

पुढच्या गुरुवारी त्यांनी मला पेटी आणायला लावली. आणि तिथे माझी फजिती झाली. मी काळी पाच दाबली, त्यांनी बी फ्लॅट धरला, आणि दोन्ही मिळून असा काही कळवळा उठला की दप्तरवाली मुलगी कानावर हात ठेवून हसली. माझी पेटी जुनी, सूर थोडा उतरलेला. कामठ्यात आम्ही सगळ्या तिच्याच मागे गात असल्याने कधी कुणाला कळलं नव्हतं. पेटीची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, तिचा सूर बसल्या जागी हलवता येत नाही. एकेक पितळी पट्टी घासावी लागते. मी घाईघाईने झाकण लावायला लागले.

त्यांचे संचालक गणिताचे शिक्षक होते. ते म्हणाले, "थांबा. तुमच्या वाद्याला हलता येत नाही, आमच्या वाद्यांना येतं." पितळी वाद्याला एक सरकती नळी असते. ती थोडी बाहेर ओढली की सूर खाली येतो. पंचवीस जणांनी आपापल्या नळ्या जराजरा बाहेर ओढल्या, फुंकून पाहिल्या, पुन्हा ओढल्या. एकेक करत सगळे माझ्या पेटीपर्यंत खाली आले. पाच-सात मिनिटं लागली. कुणी घड्याळ पाहिलं नाही.

मग मी भूपातलं आमचं भजन वाजवलं. दुसऱ्या फेरीला कॉर्नेटवाल्याने ते कानाने उचललं. बाकीचे गप्प. मला वाटलं त्यांना आवडलं नाही. खरी गोष्ट अशी की ती मंडळी कागदावर लिहिलेलं काहीही पहिल्याच वेळी वाजवून दाखवतील, पण कागद नसेल तर बहुतेकांचे हात चालत नाहीत. आपल्या बँड मास्तरांचं उलटं. कागद वाचता येत नाही, पण शे-दोनशे गाणी ओठांवर. यात कोण मोठा म्हणायचं? मला तरी ठरवता आलेलं नाही. त्या शिक्षकांनी पुढच्या गुरुवारपर्यंत आमचं भजन त्यांच्या लिपीत उतरवून आणलं आणि मग ते सगळ्यांनी वाजवलं. दप्तरवाल्या मुलीने ढोलावर केहरवा धरला, चुकत चुकत.

मध्यंतरात चहा झाला. पाळीपाळीने कोणी तरी करतं, त्या दिवशी शेजारच्या बाईंची पाळी होती. त्यांनी मोठ्या ट्रेमधून सगळ्यांना एकसारखे कप दिले, बसवाल्या आजोबांना आणि संचालकांना आणि मला. बशीत बिस्किटं. एवढंच. पण तो कप हातात घेतला आणि मला काही तरी आठवलं, जे मी कित्येक वर्षं आठवू दिलं नव्हतं.

मी नऊ वर्षांची असताना माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न झालं. गोंदियाचा बँड आला होता. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झुलपं, उन्हात चमकणारी पितळी वाद्यं. मी दिवसभर त्यांच्या मागे मागे. क्लॅरिनेट वाजवणाऱ्या मास्तरांनी मला ते हातात धरू दिलं, कोणत्या भोकावर कोणतं बोट ते दाखवलं. तेवढ्यात आत्याने दंडाला धरून मला ओढलं आणि हात धुवायला लावले. बँडवाले कोणत्या समाजाचे असत आणि आपल्या घरांतून त्यांना कसं वागवलं जाई, ते मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. रात्री सगळ्या पंगती उठल्यावर त्यांना गोठ्याच्या बाजूला पत्रावळी मांडल्या. वाढायला मला पाठवलं. पत्रावळीला हात लागता कामा नये, भात वरून टाकायचा, हे मला शिकवून पाठवलं होतं. मी ते अगदी नीट केलं. मास्तरांच्या पत्रावळीवरसुद्धा. त्यांनी मान वर केली नाही.

ओल्डहॅमच्या त्या खोलीत मी चहा प्यायले. गोड होता की नव्हता, सांगता येणार नाही.

मग मी शोधून वाचलं. आपल्या वरातीतली ही सगळी वाद्यं याच घराण्यातली. इंग्रजांच्या पलटणींनी ती छावण्यांत आणली. कामठीची छावणी १८२१ सालची. छावणीच्या बँडांत आपली माणसं शिकली, बाहेर पडली आणि लग्नांत वाजवू लागली. मेरठला नादिर अली यांनी १८८५ साली बँडच्या साहित्याचा धंदा काढला, आणि मेरठची वाद्यं आजही देशभर जातात. म्हणजे ओल्डहॅमच्या आजोबांच्या हातातलं युफोनियम आणि गोंदियाच्या बँडमधलं युफोनियम एकाच आजीची नातवंडं. एकाला गावाने आपलं मानलं, एकाला गोठ्यापाशी बसवलं.

तिकडे सगळं गोडच आहे असं मी म्हणणार नाही. आपल्या लोकांना त्या गावांत बरे-वाईट दोन्ही अनुभव आलेले आहेत, आणि मी सहा महिन्यांची पाहुणी. पण २ जूनला त्यांचा 'व्हिट फ्रायडे' होता, तो दिवस मी विसरणार नाही. ओल्डहॅमच्या कडेला सॅडलवर्थची डोंगरातली गावं आहेत. त्या शुक्रवारी संध्याकाळी बँडच्या बँड बस भरून येतात, एका गावच्या रस्त्यावरून वाजवत चालतात, चौकात एक मार्च वाजवतात आणि पुढच्या गावाला पळतात. अशी विसाच्या वर ठिकाणं. नावाजलेले बँड असतात, शाळेच्या पोरांचेही असतात. परीक्षक पडद्याआड बसवलेला असतो, कोण वाजवतंय ते त्याला दिसू नये म्हणून. रात्री नऊपर्यंत उजेड. मी शेजारच्या बाईंचा डबा आणि पाण्याची बाटली धरून तीन गावं त्यांच्याबरोबर चालले. तिसऱ्या गावात गुडघ्यांनी सांगितलं, आता पुरे.

सप्टेंबरमध्ये तिकडच्या मराठी मंडळींच्या गणपतीला गेले. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं आहे, आणि आता मोठ्या गावांतून बहुतेक ठिकाणी आपले लोक एकत्र येतात. तिथल्या मुलींचं ढोल-ताशा पथक पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नोकरी करून, शनिवारी कुठल्याशा मैदानात जाऊन शिकलेल्या पोरी! पण नंतर गाण्यांचा कार्यक्रम झाला तो सगळा कराओकेवर. मशीनमध्ये तयार वाद्यवृंद, आपण फक्त वर गायचं. गाणाऱ्या बाई चांगल्या होत्या. अंतऱ्याला त्यांचा श्वास जरा अडकला, तोवर मशीन पुढे निघून गेलं. त्या बिचाऱ्या मागून धावत राहिल्या. पेटीवर कुणी बसलं असतं तर त्याने एक आवर्तन भरून काढलं असतं, ऐकणाऱ्याला कळलंही नसतं. माझं मत जुनाट वाटेल, पण घरच्या कार्यक्रमात तरी मशीन लावू नका. वाजवणारा कच्चा असला तरी चालेल, तो तुमच्यासाठी थांबतो.

ऑक्टोबरमध्ये मी परत आले. आणि खरी परीक्षा इथे झाली.

२०२४ च्या फेब्रुवारीत पुतण्याचं लग्न होतं. मुलांना धुमाल हवा होता. आमच्या भागात आता बँडची जागा धुमालने आणि डी.जे.ने घेतली आहे. मी घरातली मोठी, हट्ट धरला की बँडच हवा. गोंदियाचा अकरा जणांचा बँड ठरला. आणि मी सांगून टाकलं की बँडवाले पहिल्या पंगतीला, पाहुण्यांबरोबर बसतील. घरात कुजबुज झाली. एका जावेने 'आता काय, बाई विलायतेहून आल्यात' असंही म्हटलं. पण बसले ते. मी स्वतः वाढलं. वाकून, ताटाला ताट लावून. वडाभात, वांग्याची भाजी, बुंदी. मनात म्हणाले, चला, नऊ वर्षांच्या त्या पोरीचं आज काही तरी फिटलं.

जेवण झाल्यावर मास्तरांना विचारलं, "मास्तर, पोटभर झालं ना?"

ते हात पुसत म्हणाले, "हाव बाई, जेवण तं मस्तच झालं. पण उरलेले पैसे आजच भेटले असते तं बरं झालं असतं. पोरं रातच्या गाडीनं जातेत. मागच्या सीझनचे दोन घरचे अजून बाकी आहेत."

मैत्रिणींनो, मी खाली पाहिलं. मी त्यांना मान देत होते आणि त्यांचे पैसे आमच्याच घरात अडकले होते. इसाराची निम्मी रक्कम दिलेली, उरलेली ह्यांच्याकडे. हे म्हणाले, "उद्या हिशेब करू. मी काय पळून जातो का?" अकरा माणसं रात्री गोंदियाला परत जाणार आणि उद्या एकाने पुन्हा भाड्याने कामठ्याला यायचं, पैसे मागायला! मी माझ्या कपाटातून काढून दिले. पुढचे दोन दिवस आमच्या घरात कोण कुणाशी बोलत नव्हतं, ते विचारू नका. नंतर ह्यांनी माझे पैसे परत ठेवले, गुपचूप, कपाटात.

तेव्हा घरात कार्य काढाल तर एवढं करा. बँड ठरवताना किती वाजता यायचं, किती तास वाजवायचं आणि उरलेले पैसे कधी, हे एका कागदावर लिहून घ्या, आणि ते पैसे वाद्यं गाडीत चढायच्या आधी द्या. पाकीट आधीच तयार करून घरातल्या बाईनेच जवळ ठेवावं, पुरुषांना त्या गडबडीत सापडत नाही. वाजवणाऱ्यांना पाणी मागायला लावू नका. लाऊडस्पीकर रात्री दहानंतर कायद्याने बंद आहे, नवरदेवाचे मित्र कितीही हौशी असले तरी मास्तरांना आग्रह करू नका, दंडाची भीती त्यांनाच असते. आणि पंगत? ती तर द्याच. त्यात काय विशेष आहे?

मी मास्तरांना गुरुवारच्या भजनाला बोलावलं होतं. ते म्हणाले, सीझनमध्ये जमत नाही बाई. आले ते आषाढात, लग्नं थांबल्यावर, सायकलच्या पिशवीत क्लॅरिनेट घालून. बाहेर पाऊस, रोवणीचे दिवस, निम्म्या बायका बांधीतून चिखल धुऊन आलेल्या. मला ओल्डहॅमची सवय लागलेली, मी मोठ्या ऐटीत म्हणाले, "मास्तर, तुमचं वाद्य बी फ्लॅटचं, काळी पाच धरू या." सुरुवात बरी झाली. तिसऱ्या कडव्याला मोठ्या काकू गप्प झाल्या. त्या वयात तेवढं वर जाता येत नाही, आणि 'माझ्यासाठी खाली या' असं त्या कधी म्हणायच्या नाहीत.

मास्तरांनी क्लॅरिनेट ओठावरून काढलं. म्हणाले, "बाई, तुम्ही आपली काळी चारच ठेवा. मी खाली येतो ना."

ते आता पावसाळ्यात येतात, जमेल तसे. गेल्या वर्षी आमच्यातल्या एका सुनेला त्यांनी क्लॅरिनेटवर बोटं ठेवायला शिकवलं. तिला सध्या फक्त सा आणि रे येतात, आणि ते दोन्ही घरभर ऐकू येतात, अशी तिच्या सासूची तक्रार आहे.

तर पत्र लिहिणाऱ्या भगिनी, पेटी खुशाल न्या. हसतील, एक-दोन जण. निघण्यापूर्वी सूर मात्र तपासून घ्या, माझ्यासारखं तिकडे जाऊन कळायला नको. पहिल्याच रविवारी शेजारी पोह्यांचं ताट द्या, चिठ्ठी येण्याची वाट पाहू नका. मिरची कमी घाला. आणि सकाळी आठच्या आत वाजवू नका.